तांडेलाचा दम आणि फुगलेली नळी

ही गोष्ट घडून गेलेली नाही, घडायची आहे. अजून चाळीसेक वर्षं आहेत. तेव्हा आजच तपासायला जाऊ नका. वेळदांडे नावाचं गाव तुम्हाला नकाशावर सापडायचं नाही, आणि सापडलंच तर मला कळवा.

तर त्या वेळदांड्याच्या वाळूच्या पुळणीवर एका सकाळी कुर्लीने होडी तपासली आणि सांगितलं, "लाकूड ठीक आहे. खिळे ठीक आहेत. फक्त होडीतली एक नळी फुगली आहे. ती मिनिटाला बहात्तर वेळा धडधडते."

रेवा होडीत चढली. वाकून, फळ्या उचलून पाहिलं. होडीला नळी नव्हतीच. मोटर उन्हावर चालणारी होती आणि ती पावसाळ्याआधीच काढून घरात ठेवली होती. लाकडाच्या होडीत धडधडणार काय?

"कुर्ले, पुन्हा बघ."

"पाहिलं. चार पूर्णांक दोन सेंटिमीटर. धडधडते आहे. आता त्र्याहत्तर वेळा."

कुर्ली म्हणजे मोठ्या परातीएवढा खेकडा होता, आठ पायांचा, दोन नांग्यांचा आणि पत्र्याच्या पाठीचा. गावाने तिला किनारा साफ करायला आणि होड्यांच्या फळ्यांतल्या चिरा शोधायला आणलं होतं. ती खोटं बोलत नसे. प्रामाणिक होती म्हणून नव्हे; खोटं बोलण्याचा भाग तिच्यात बसवायचा राहून गेला होता. चिरा शोधताना ती फळीला नांगी टेकवी आणि श्राव्यातीत ध्वनी (माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही इतका बारीक आवाज) आत सोडी. आवाज आत जाई, कशावर तरी आपटे आणि परत येई. परत यायला किती वेळ लागला त्यावरून कुर्ली आतलं चित्र काढी. वटवाघूळ अंधारात भिंत ओळखतं, तसंच.

रेवाने होडीच्या पलीकडच्या बाजूला पाहिलं. तिथे तिचा आजा, गोमा तांडेल, नुकताच समुद्रातून बाहेर येऊन, उघड्या ओल्या अंगाने होडीच्या फळीला पोट टेकून उभा होता आणि शेजारच्या चांगो नाखवाला सांगत होता, की एकदा एका देवमाशाने त्याच्याकडे बिडी मागितली होती.

"आजा, जरा मागे हो," रेवा म्हणाली.

आजा एक पाऊल मागे सरला.

"नळी गेली," कुर्ली म्हणाली.

"आता पुन्हा टेक."

"नळी आली."

चांगो नाखवा पोट धरून हसला. "गोमा, अरे तू होडी झालास. आता तुला डांबर फासायला पाहिजे."

आजाही हसला. रेवा मात्र हसली नाही. ओल्या लाकडाला ओलं अंग टेकलं होतं, म्हणून कुर्लीचा आवाज लाकूड ओलांडून थेट आजाच्या पोटात शिरला होता. आणि चार पूर्णांक दोन सेंटिमीटरची ती धडधडणारी नळी होडीची नव्हती, आजाची होती.

*

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर शिरीन मुकादम यांनी आजाचं पोट पुन्हा तपासलं आणि कुर्लीशी नांगीत हात घालून हस्तांदोलन केलं.

"तुमच्या खेकड्याने अचूक मोजलंय," त्या म्हणाल्या. "ही महाधमनी (हृदयातून निघून सगळ्या अंगाला रक्त पोचवणारी सर्वांत मोठी नळी). पोटात ती साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तुमची एका जागी दुपटीहून जास्त फुगलीय. याला धमनीविस्फार म्हणतात (धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा)."

"दुखत तर काय नाय," आजा म्हणाला.

"बहुतेकांचं दुखत नाहीच. म्हणून तर कळत नाही."

"मग कापणार?"

"आत्ता नाही. नळी साडेपाचच्या आसपास गेली, किंवा भराभर वाढायला लागली, तर बघू. तोवर दर वर्षाला मोजायची. रक्तदाबाची गोळी रोज. बिडी बंद, आजपासून, कारण धूर त्या भिंतीला कमकुवत करतो. खोकला झाला तर अंगावर काढायचा नाही. आणि," डॉक्टरांनी रेवाकडे पाहून आवाज थोडा खाली आणला, "पोट साफ होत नसेल तर कुंथत बसायचं नाही. भाजी खायची, पाणी प्यायचं."

रेवाला हसू आलं. आजाने तिला कोपर मारलं.

"आणि पोटात किंवा पाठीत अचानक जोराचं दुखलं, घेरी आली, तर उद्या जाऊ, परवा जाऊ करायचं नाही. ताबडतोब इकडे."

एवढंच ऐकून रेवाने घर गाठलं असतं तर बरं झालं असतं. पण वाटेत तिने स्वतःचं डोकं चालवलं, आणि ते जरा जास्तच चाललं. दुसऱ्या दिवसापासून कुर्लीला हुकूम मिळाला: आजाच्या हातात काही दिसलं की काढून घ्यायचं. कुर्लीने हंडा काढून घेतला. कळशी काढून घेतली. पाट काढून घेतला. जेवताना भाकरीही काढून घेतली, कारण "काही" म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजाच्या बिड्यांचं बंडल तिला सापडलं तेव्हा तिने ते कचऱ्यात जमा केलं. त्यावर मात्र कुणी तक्रार केली नाही. आजाने केली, पण त्याची मोजत नाहीत.

चार दिवसांत आजा ओट्यावर बसून नुसता समुद्राकडे बघणारा माणूस झाला. देवमाशाच्या गोष्टीही बंद. पाचव्या दिवशी तो रेवाच्या आईला म्हणाला, "सूनबाई, मला फडताळात ठेव. बरणीशेजारी जागा आहे."

आईने डॉक्टरांना फोन लावला आणि तो रेवाच्या हातात दिला.

"बसवून ठेवलंस?" डॉक्टर म्हणाल्या. "अगं, नळी फुगलीय, माणूस विरघळलेला नाही. रोज चालायला पाहिजे त्यांनी. बसून बसून अंग सुस्तावतं, रक्तदाब वाढतो. हलकी कामं चालतील."

"हलकं म्हणजे किती?"

"मी पेशंटना एक सोपी खूण सांगते. बोलत बोलत उचलता येईल तेवढंच उचला. बोलणं अडलं, की वजन खाली."

मग काय विचारता. आजा उठला. रोज सकाळी पुळणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागला, हातात अर्धी भरलेली कळशी, तोंडाने अखंड बडबड. देवमाशाला आता पोरंही झाली होती.

इथे गोष्ट संपली असती. पण श्रावण लागला होता आणि नारळी पौर्णिमा दहा दिवसांवर आली होती.

*

वेळदांड्यात एक रीत होती. पावसाळाभर होड्या पुळणीवर झोपलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला त्या पुन्हा पाण्यात जातात. पुढून सगळं गाव दोरखंड ओढतं, खाली तेल लावलेले ओंडके असतात, आणि मागे, होडीच्या नाकाच्या उलट टोकाला, गावातला सर्वांत थोरला तांडेल (होडीचा म्होरक्या) पाठ लावून उभा राहतो. छाती भरून श्वास घेतो, तोंड मिटतो आणि पहिला रेटा देतो. होडीचा तळ पाण्याला लागेपर्यंत त्याने श्वास सोडायचा नाही. याला म्हणत 'तांडेलाचा दम'. दम मध्येच सुटला तर वर्षभर मासळी रुसते, असं म्हणत.

कोण म्हणत, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

गोमा तांडेलाने बत्तीस वर्षं दम दिला होता. एकदाही सुटला नव्हता.

"यंदा चांगोकाकांना देऊ दे," रेवा म्हणाली.

"चांग्याला?" आजा म्हणाला. "चांग्याचा दम जिना चढताना सुटतो."

"आजा, डॉक्टर म्हणाल्या—"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या जड उचलू नका. मी कुठे उचलतोय? होडी तर भुईवरच आहे. मी नुसता टेकणार."

"टेकणार नाहीस तू. रेटणार."

"बत्तीस वर्षं झाली, पोरी. काय झालं मला?"

होडीमागे नळी फुटली तर तिथून तालुक्याचा दवाखाना पाऊण तासावर होता. हे तिला माहीत होतं, आणि आजालाही. पण गावासमोर बत्तीस वर्षं दम देणारा माणूस आणि घरातला आजारी म्हातारा यांत आजाने कोण व्हायचं ते ठरवलं होतं.

ती कुर्लीजवळ जाऊन वाळूत बसली. "कुर्ले, नळी फुगली तर फुगली. तीच एक जागा फुटायची भीती का असते? आत रक्त तर सगळीकडे तेच आहे. रेटाही सगळीकडे तोच."

"चांगला प्रश्न आहे," कुर्ली म्हणाली. "मला बारा पोरं लागतील, एक दोरी, आणि मासळी तोलायचा काटा."

पोरं मिळायला वेळ लागला नाही. खेकडा खेळ मांडतोय म्हटल्यावर शाळेतली निम्मी पुळणीवर आली. कुर्लीने दोरीची दोन्ही टोकं काट्याच्या दोन आकड्यांना अडकवून एक कडं केलं. काटा असा होता, की दोरी जितकी ताणली जाईल तितके जास्त किलो तो दाखवी.

"आधी सहा जण आत. पाठ दोरीला. सगळ्यांनी बाहेरच्या बाजूला रेटायचं, पण बेताने, सारख्याच जोराने. मी प्रत्येकाचा जोर बघते आहे. तुकाराम, तू जास्त रेटतोस. हां, आता."

काट्यावर साडेसात किलो आले.

आजा कळशी घेऊन तिथून चालला होता. बोलणं चालूच होतं, पण पाय थबकले.

"आता दुप्पट मोठं कडं," कुर्ली म्हणाली. "मोठ्या कड्यात दोरीलगत दुप्पट जागा, म्हणून बारा जण. जोर मात्र प्रत्येकाचा मघाचाच."

बारा जण आत शिरले. रेटलं. काटा पंधरावर गेला.

"तुम्ही कुणी जास्त जोर लावला?" रेवाने विचारलं.

"नाही," तुकाराम म्हणाला. "मी तर मघापेक्षा कमीच लावला. माझी चप्पल तुटली."

"मग दोरीला दुप्पट कुणी ओढलं?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. कळशी खाली ठेवून आजा जवळ आला. त्याने काटा पाहिला, दोरी पाहिली, पोरं मोजली.

"कुणी जास्त ओढलं नाय," तो हळूच म्हणाला. "कडं मोठं झालं, म्हणून रेटणारे वाढले. आणि दोरी तर तीच एक."

"बरोबर," कुर्ली म्हणाली. "ही दोरी म्हणजे नळीची भिंत. पोरं म्हणजे रक्ताचा रेटा. रेटा तोच ठेवून नळी दुप्पट रुंद केली, तर भिंतीवरचा ताण दुप्पट होतो. ताण वाढला की भिंत आणखी फुगते. फुगली की ताण आणखी वाढतो. शिवाय फुगताना भिंत पातळ होते. लांब फुगा फुंकताना एकच जागा आधी फुगते, आणि मग तीच फुगत राहते, ते यामुळेच."

"आणि दम धरला तर?" रेवाने विचारलं. विचारलं कुर्लीला, पण बघत होती आजाकडे.

"तर सगळी पोरं एकाच वेळी जोराने रेटतात. करून बघ."

कुर्लीने एका नांगीने रेवाच्या दंडाला विळखा घातला आणि रक्तदाब (रक्त नळीच्या भिंतीला देत असलेला रेटा) मोजला. एकशे चार. मग रेवाने पाण्याची भरलेली बादली, गाल फुगवून, श्वास कोंडून उचलली. एकशे एकसष्ट. थोडं थांबून तीच बादली तिने तोंडाने हळूहळू श्वास सोडत उचलली. एकशे बावीस.

"बादली तीच," रेवा म्हणाली. "मीही तीच."

"श्वास कोंडला की घशाचं दार बंद होतं," कुर्ली म्हणाली. "छातीतली हवा आणि पोटाचे स्नायू आतल्या नळ्यांना सगळीकडून पिळतात. कुंथताना तेच होतं, अडलेलं दार रेटतानाही तेच. तुझी नळी धड आहे, ती सोसते. फुगलेल्या नळीच्या भिंतीवर आधीच दुप्पट ताण. त्यात हा."

आजाने कळशी उचलली आणि तो चालू लागला. पहिल्यांदाच, न बोलता.

*

पौर्णिमेच्या सकाळी सगळं गाव पुळणीवर होतं. सोन्याचा कागद लावलेला नारळ समुद्राला वाहून झाला. पुढे साठ माणसं दोरखंडाला. मागे गोमा तांडेल आला, डोक्याला लाल टोपी, कमरेला नवा रुमाल. पोरं बाजूला उभी होती. रेवाने घरातून निघताना काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते ती पाळत होती. ते फार कठीण काम होतं.

आजाने होडीला पाठ लावली.

"तांडेल, दम," चांगो नाखवाने हाक दिली.

आजाने छाती भरून श्वास घेतला आणि तोंड मिटलं. गुडघे वाकले. बत्तीस वर्षांची सवय होती ती. पायांना कुणी सांगावं लागत नव्हतं. दोरखंड ताणले गेले. होडी एक हात सरकली, आणखी एक हात, आणि अडली. ओल्या वाळूत पुढचा ओंडका रुतला होता.

साठ माणसं थांबली आणि मागे बघू लागली. अडलेली होडी सोडवायची ती तांडेलाच्या रेट्याने, हेच रीतीत होतं. आजाच्या मानेची शीर वर आली. रेवाला त्याचे फुगलेले गाल दिसले, आणि त्या क्षणी तिला दोरीच्या कड्यातली बारा पोरं दिसली, सगळी एकदम रेटणारी.

आजाने तिच्याकडे पाहिलं.

मग त्याने तोंड उघडलं. श्वास सगळा बाहेर गेला, लांब, मोठ्याने, होडीच्या मागून पुढच्या माणसांपर्यंत ऐकू जाईल असा. तो होडीपासून बाजूला झाला आणि वाळूत सरळ उभा राहिला.

साठ माणसांच्या हातातले दोरखंड सैल पडले.

"गोमा," चांगो नाखवा कसाबसा म्हणाला, "दम सुटला तुझा."

"सुटला नाय. सोडला," आजा म्हणाला. "थोरला तांडेल मी. आजपासून रीत अशी, की कुणी दम कोंडायचा नाही. ओढताना सगळ्यांनी ओरडायचं. ज्याचं तोंड मिटलेलं दिसलं त्याला संध्याकाळी नारळीभात नाय."

"आणि मासळी रुसली तर?"

"मासळीशी मी बोलतो. माझी ओळख आहे." मग त्याने वळून पोरांना हाक मारली. "रेवा, ये गो. तुझी ती बारा जणं घेऊन ये. पाठी लावा. तुकाराम, चप्पल काढून."

बारा पाठी होडीला टेकल्या. आजा बाजूला उभा राहून हात वर करी आणि खाली आणी, आणि प्रत्येक वेळी पुढची साठ नि मागची बारा माणसं एकदम ओरडत: "हेऽऽस्सा". कुर्ली वाळू उकरत पुढे गेली आणि तिने रुतलेला ओंडका मोकळा केला. चौथ्या ओरडण्याला होडी सुटली. सातव्याला तिचा तळ पाण्याला लागला. पोरं मागच्या मागे वाळूत आडवी झाली, कारण टेकायला आता होडीच नव्हती.

चांगो नाखवा धापा टाकत आला. "तेहतीस वर्षांत इतक्या लवकर गेली नव्हती," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण तू काहीच केलं नाहीस रे गोमा."

"बघ ना," आजा म्हणाला. "उगाच बत्तीस वर्षं दमलो."

आणि मासळी? त्या वर्षी पापलेटं इतकी आली, की चार-दोन तर चालत घरापर्यंत आली. हे आजा सांगतो. कुर्लीला विचारलंत तर ती म्हणेल, दरवर्षीइतकीच आली.

*

वर्षाने डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. चार पूर्णांक तीन.

"फार छान," त्या म्हणाल्या. "अगदी सावकाश चाललीय. असंच ठेवा."

"आणि वाढलीच तर?" रेवाने विचारलं.

डॉक्टरांनी कपाटातून एक वस्तू काढली. बारीक तारेची वेटोळी आणि त्यांवर पांढरं, घट्ट विणलेलं कापड. बाळाच्या अंगरख्याची बाहीच जणू. "ही मिटवून, जांघेतल्या रक्तवाहिनीतून आत सरकवायची. फुगलेल्या जागी पोचली की उघडते. मग रक्त बाहीतून जातं आणि फुगलेल्या भिंतीवरचा रेटा कमी होतो."

आजाने ती बाही उजेडात धरली, बोटांनी चाचपली. आयुष्यभर जाळी विणलेली बोटं होती ती. "आस केवढा?" त्याने विचारलं. जाळ्याच्या भोकाला कोळी आस म्हणतात.

"रक्त गळणार नाही इतका बारीक."

"मग हे जाळं नाय. हे शीड झालं." त्याने ती बाही डॉक्टरांना परत दिली. "बरं विणलंय."

"यापुढे काय असेल?" रेवा म्हणाली. "बाहीच्या नंतर?"

"काही शास्त्रज्ञ असं औषध शोधताहेत, की भिंत फुगायचीच थांबावी. अजून सापडलेलं नाही."

रेवाने लगेच विचारलं, "तिथे काम करायला किती शिकावं लागतं?"

"पुष्कळ. पंधरा-वीस वर्षं."

रेवाने आजाकडे पाहिलं. आजाने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो उठला.

"तवर मी थांबतो," तो म्हणाला. "घाई करू नको. पण लई उशीरही नको."